‘आता हे चालायचं नाही’ म्हणणाऱ्यांनो

कुडाळच्या एका दुकानात गेल्या वर्षी मला सांगण्यात आलं की माझा बुफर, म्हणजे सबवूफर, भंगार आहे. सांगणाऱ्याने तो धड पाहिलाही नव्हता. मालवणहून एसटीत पायाशी धरून आणलेला जड खोका मी त्याच्या पायरीवर ठेवला. त्याने काउंटरवरून मान उंचावली, खोक्याच्या मागे विजेची वायर नाही एवढं पाहिलं आणि निकाल दिला, "काका, ह्या आता चलाचा नाय. नवीन घेवा." नवीन म्हणजे अठरा हजारांचा. तो मात्र दोन मिनिटांत पुसूनबिसून माझ्यापुढे मांडला गेला.

एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नसते, ते मी समजून घेतो. त्या दिवशी मलाही माहीत नव्हती. पण हात न लावता, मीटर न लावता, मागची पट्टी न वाचता ‘मेला’ म्हणून मोकळं होणं हा सरळसरळ अप्रामाणिकपणा आहे. याच एका वाक्याच्या जोरावर आमच्या गावांतले कितीतरी धडधाकट बुफर माळ्यावरून थेट भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलेले मी पाहिलेत. तिथे त्यांची फळी फोडतात, चुंबक हातोड्याने उडवतात, तांब्याची कॉइल काढून घेतात. आमच्या शेजारच्या घरातला बुफर असाच साठ रुपयांना गेला.

माझा संच २००७ सालचा. एक मुख्य डेक, पाच लहान बॉक्स आणि एक मोठा खोका, म्हणजेच बुफर. वडिलांना दशावताराचं वेड होतं. त्यांनी भरवलेल्या कॅसेट आम्ही सीडीवर उतरवून घेतल्या होत्या, त्या ऐकायला हा संच घेतला. चौदा वर्षं तो चालला. मग १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात राहिली. बऱ्याच दिवसांनी वीज आली ती कमी-जास्त होतच आली, आणि डेकमधून धूर निघाला. डेकचा बोर्ड कुठेच मिळाला नाही. बाकीचे सहाही नग आम्ही माळ्यावर टाकले, कारण डेक गेला म्हणजे सगळं गेलं असं आम्हांला वाटलं. तसं वाटावं अशीच त्या वस्तूची रचना होती. ती रचना करणाऱ्यांकडे मी पुढे येणारच आहे.

बुफर दोन जातींचे असतात. एकाच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटात जाते. हल्ली बाजारात जवळपास हाच दिसतो. दुसऱ्याच्या पोटात काहीच नसतं. एक मोठा स्पीकर, एक खोका, हवेला वाट द्यायला एक भोक, आणि मागे लाल-काळी दोन टोकं. याला पॅसिव्ह म्हणतात. जुन्या होम थिएटर संचांतले बुफर बहुतेक या दुसऱ्या जातीचे. त्यांना ताकद डेकमधून मिळायची. डेक जळला तेव्हा त्यांची ताकद गेली, ते स्वतः जळले नाहीत. एवढी साधी गोष्ट आहे. दिवसाला दहा टीव्ही विकणाऱ्या माणसाला ती माहीत नसावी, आणि माहीत करून घ्यावीशीही वाटू नये, याची मला चीड येते.

त्यानंतर डेकच्या जागी मी एक जुना पण चांगला रिसीव्हर मिळवला. त्याच्या पाठीवर बुफरसाठी एक भोक असतं, आरसीए पिनचं. आता होईल काम, असं मला वाटलं. झालं नाही. त्या भोकातून येतो तो नुसता इशारा असतो, व्होल्टभराच्या आसपासचा. तो ॲम्प्लिफायरला ‘काय वाजवायचं’ ते सांगतो. जड पुठ्ठ्याचा कोन हलवण्याची ताकद त्यात नसते. मधे ॲम्प्लिफायर हवाच.

हे न समजलेल्या दुसऱ्या एका इसमाने, तोही दुकान थाटून बसलेला, माझ्या घरी येऊन बुफर सरळ समोरच्या डाव्या स्पीकरच्याच टोकांना जोडून दिला आणि तीनशे रुपये घेऊन गेला. पहिल्या पंधरा मिनिटांत रिसीव्हर तीन वेळा स्वतःहून बंद पडला. कारण शाळेतल्या गणिताचं होतं. बुफर ४ ओमचा, स्पीकर ६ ओमचा. दोन्ही समांतर जोडले की रिसीव्हरला दिसतात २.४ ओम. रिसीव्हरच्या पाठीवर ठळक छापलेलं होतं, ६ ते १६ ओम. म्हणजे त्याला झेपेल त्याच्या दुपटीहून जास्त भार त्या इसमाने त्याच्यावर टाकला. त्यात संरक्षण नसतं तर रिसीव्हरही भंगारात गेला असता आणि मला तिसरी वस्तू विकायला कोणीतरी हजर झालं असतं. पट्टी वाचायला पाच सेकंद लागतात. ती न वाचता तीनशे रुपये घेणारा माणूस कारागीर नव्हे.

कारागीर मला भेटले आचऱ्याच्या रस्त्याला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. गावात त्यांना सगळे रेडिओवाले म्हणून ओळखतात. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यापासून त्यांनी सुरुवात केली. घराच्या पडवीत एक टेबल, त्यावर सोल्डरिंग आयर्न, एक जुना मल्टिमीटर आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले बोर्ड. त्यांनी बुफर उलटा केला, पट्टी वाचली, आणि घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढून दोन वायरींनी लाल-काळ्या टोकांना टेकवला. ठप् असा आवाज आला आणि कोन केसभर पुढे सरकला. सेल काढला, कोन मागे. मग मीटर लावला. ३.४ ओम. चार ओमच्या स्पीकरची कॉइल शाबूत असली की मीटर साधारण इतकंच दाखवतो.

"ह्येका काय एक झाला नाय," ते म्हणाले. "ह्येच्या पोटात मशीन कधी नव्हताच, मगे जळतला काय? तुका टाकूक कोणी सांगल्यान?"

एका पेन्सिल सेलने जे कळलं, ते दोन दुकानांत कळलं नव्हतं.

खोक्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, ते काढलं. टोकांवर हिरवा गंज चढलेला; खाऱ्या वाऱ्याला तांबं टिकत नाही. पॉलिशपेपरने घासून ती लखलखीत केली. खालची फळी भुशाची, पावसाळ्यातल्या दमटपणाने कडेला फुगलेली. तिच्यावर फेविकॉल ओतून वजन ठेवलं. कोनाभोवतीची कड रबराची होती, म्हणून वाचली. ती फोमची असती तर आमच्या हवेत केव्हाच पिठासारखी झडली असती. पण फोमची झडली तरीही बुफर मरत नाही, हे लक्षात घ्या. कड नवी बसवता येते, कॉइल नवी गुंडाळता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सामान मिळतं. कणकवलीला किंवा सावंतवाडीला कोणी हे सामान ठेवत असेल तर त्याने ते आम्हांला ओरडून सांगायला हवं.

आता ताकदीची गोष्ट. इथे बाजाराने लोकांना सर्वांत जास्त फसवलं आहे. माझ्या मेलेल्या डेकच्या तोंडावर चकचकीत कागद आहे, १००० वॅट. त्याच डेकच्या पाठीवर बारीक अक्षरात वीजखप लिहिला आहे, ११० वॅट. आत एकशेदहा जातात आणि बाहेर हजार येतात, असं यंत्र जगात कोणी बनवलेलं नाही. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज निमिषभर जास्त जोर देऊ शकते हे खरं. तेवढ्या निमिषाचा आकडा घेऊन, आवाज किती फाटला ते न सांगता, सहाही स्पीकरांची बेरीज करून तो कागद छापला जातो. त्याआधीच्या काळात पीएमपीओ नावाचा आकडा होता, मुठीएवढ्या डब्यावर ५००० वॅट लिहिणारा. अमेरिकेत १९७४ सालीच व्यापार आयोगाने नियम केला की ॲम्प्लिफायर विकताना सतत देता येणारी ताकद सांगावी लागेल, आणि ती कशी मोजली तेही. पन्नास वर्षं झाली. आमच्या आठवडी बाजारात अजून पीएमपीओचे डबे विकले जातात, आणि लोक आकडा बघून ते उचलतात.

या आकड्यांनी बिघाड असा केला की माझ्यासारख्या माणसाला वाटतं, बुफर चालवायचा म्हणजे पाचशे वॅट तरी हवेत. नकोत. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला ताकद दसपट करावी लागते. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प आणि शंभर वॅटचा ॲम्प यांत घराच्या ओटीवर बसलेल्या माणसाला फारसा फरक पडत नाही, दुकानदाराच्या गल्ल्याला पडतो. खोक्याच्या पट्टीवर जेवढे वॅट आहेत त्याच्या आसपासचा खरा, सतत चालणारा ॲम्प पुरे. फार लहान ॲम्पला मात्र ताणून वाजवू नका. आवाज फाटू लागला की कॉइल तापते आणि जळते. अशा जळण्याचाही दोष मग लोक बुफरलाच देतात.

रेडिओवाल्यांनी आधी सवयीने ५२००-१९४३ च्या जोडीचा विचार केला. भारतातल्या प्रत्येक ॲम्प बांधणाऱ्याला हे दोन ट्रान्झिस्टर तोंडपाठ असतात. गावच्या भजनी मंडळाचे, जत्रेतले, चवथीतले कितीतरी ॲम्प त्यांच्यावर उभे आहेत. पण त्याला वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो, ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक लागतो, आणि निम्मी वीज उष्णतेतच जाते. त्यांनी स्वतःच तो बेत मोडला आणि क्लास-डीचा लहान बोर्ड घेतला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप, पुस्तकाच्या पानाएवढासुद्धा नसलेला बोर्ड. २१ व्होल्टवर ४ ओमच्या दोन स्पीकरांना प्रत्येकी ५० वॅट देते. दोन्ही भाग एकत्र जोडलेला मोनो बोर्ड घेतला तर २ ओमपर्यंतचा भार झेपतो आणि त्या भाराला १०० वॅट मिळतात. जुन्या संचांतले काही बुफर ३ ओमचे असतात, त्यांना मोनोच घ्यावा. आम्हीही तोच घेतला, कारण ताणाला जागा राहते. वीज द्यायला २४ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॅप्टर. चिपची कमाल मर्यादा २६ व्होल्ट आहे, तेव्हा ‘थोडा जास्त चालतला’ म्हणून हाताशी असलेला मोठा ॲडॅप्टर लावू नका.

एक सूचना मी ठळक करून सांगतो, कारण ती न पाळल्याने बोर्ड क्षणात जातो. या जातीच्या ॲम्पचं काळं टोक हे अर्थिंग नसतं. दोन्ही टोकांतून ताकद येते. ते काळं टोक डब्याच्या पत्र्याला, रिसीव्हरच्या काळ्या टोकाला, कुठेही चिकटवायचं नाही. ॲम्पपासून फक्त बुफरकडे दोन वायरी, बस.

बाकी जोडणी सोपी. रिसीव्हरच्या बुफरच्या भोकातून एक पिन ॲम्पमध्ये. खालचा आवाज गाळणारी वेगळी फिल्टरची पाटी अनेक जण गळ्यात मारतात; रिसीव्हर असेल तर ती लागत नाही, गाळण्याचं काम तोच करतो. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून आवाज घेणार असाल तरच ती घ्या. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये लहान बॉक्स ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हरची सीमा १२० हर्ट्झच्या आसपास ठेवा, कारण तीन इंची कोनाला त्याखालचं झेपत नाही. सिनेमातल्या ५.१ मधला तो ‘.१’ म्हणजे हाच खालचा भाग, १२० हर्ट्झपर्यंतचा. १९९२ साली ‘बॅटमन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटलचे सिनेमे आले, त्यांत तो वेगळा पाठवला जातो.

पहिल्यांदा लावला तेव्हा घूं असा पन्नास हर्ट्झचा आवाज येत होता. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी ओतावं लागतं. आम्ही ते ओतलं, सगळे ॲडॅप्टर एकाच बोर्डावर घेतले, आवाज गेला. मग खोका कोपऱ्यात सरकवला. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची असते, ती आमच्या माजघरात मावतच नाही, वर कौलांतून निसटतेही. चिऱ्याच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवल्याने जी काही अडते ती अडते. सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. रेडिओवाल्यांनी मजुरी दोनशे मागितली. मी पाचशे ठेवले, ते त्यांनी परत केले.

वडिलांची सीडी लावली. पायपेटी आणि झांज मला लहान बॉक्सवरही ऐकू यायची, मृदंगाची धूम मात्र तौक्तेनंतर ऐकली नव्हती. मृदंगी प्रत्येक खेळाआधी कणीक मळून डाव्या पुडीवर लावतो, त्या ओल्या कणकेतून तो खोल आवाज येतो. खेळ संपला की खरवडून काढतो, दुसऱ्या रात्री नवी लावतो. आमच्या मातीतल्या सगळ्यांत जुन्या बासची ही रीत आहे. सुकलेली कणीक बघून कोणी मृदंग भंगारात घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

छाती हादरवणाऱ्या डीजेशी या लेखाचा काही संबंध नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती मोडणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. मी बोलतोय घरातल्या चार माणसांनी ऐकायच्या आवाजाबद्दल.

आता बनवणाऱ्यांकडे येतो. सहा स्पीकरांची ताकद एका डेकमध्ये कोंबली, त्या डेकला जगात दुसऱ्या कशालाही बसणार नाही अशी रंगीत पिन दिली, आणि दहा वर्षांत त्याचे बोर्ड बनवणं बंद केलं. एक भाग मेला की सात भाग फेकले जावेत, अशी ही मांडणी आहे. आम्ही त्या पिना कापल्या तेव्हा आत साध्या दोन तारा होत्या, कोणत्याही स्पीकरला असतात तशाच. वेगळी पिन ग्राहकाला अडवण्याखेरीज कोणत्याही कामाची नव्हती.

सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कचऱ्याची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण मी मालवण, कुडाळ आणि कणकवलीत मिळून सात दुकानांत विचारलं, एकालाही या दोहोंपैकी काही माहीत नव्हतं. सुटे भाग किती वर्षं मिळतील ते खोक्यावर छापणं बंधनकारक होत नाही तोवर हे कागद किनाऱ्यापर्यंत पोचणार नाहीत. वॅटचा आकडा छापायला जागा आहे, तर त्या आकड्यालाही जागा होईल.

आणि आपण. होय, आपणही. मुंबईहून चवथीला येणारा चाकरमानी जुना संच टाकून नवा साउंडबार आणतो, ‘आता कोण दुरुस्त करत बसतो’ म्हणतो. दुरुस्त करणारा त्याच्याच वाडीत आहे, तीन घरं सोडून, आणि त्याच्याकडे महिन्यात चार माणसं येतात. रेडिओवाल्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात आहे. तो हे शिकला नाही, कारण या धंद्यात त्याचं घर चाललं नसतं, आणि ते चाललं नसतं कारण आपण त्यांच्या दारात गेलो नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड आहे. तिथल्या पोरांना वर्षातून एकदा जरी या पडवीत आणून बसवलं तरी पेन्सिल सेलची परीक्षा पुढच्या पिढीत जाईल. मी तसं पत्र दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा देणार आहे.

तुमच्या माळ्यावर असा खोका असेल तर या रविवारी खाली काढा. मागे विजेची वायर नसेल, फक्त लाल-काळी दोन टोकं किंवा एक रंगीत पिन असेल, तर घड्याळातला सेल काढून त्या दोन तारांना क्षणभर टेकवा. कोन हलला तर मागची पट्टी वाचा, ओम आणि वॅट कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन तुमच्या गावातल्या रेडिओवाल्याकडे जा. ते अजून आहेत तोवर जा.